तळाच्या संघाचे पाठीराखे

ब्रिटनमध्ये शनिवारी सायंकाळी पाचच्या सुमारास त्या दिवशीच्या फुटबॉल सामन्यांचे निकाल रेडिओवरून क्रमाने वाचून दाखविण्याची प्रथा कित्येक दशके चालत आली. १९७४ पासून २०१३ पर्यंत बी.बी.सी.वरून हे काम जेम्स अलेक्झांडर गॉर्डन ह्या निवेदकांनी केले. पहिल्या संघाचे नाव आणि त्याचे गोल सांगून ते दुसऱ्या संघाच्या नावाशी आले, की त्यांच्या आवाजाच्या चढउतारावरूनच कोण जिंकले ते ऐकणाऱ्यास उमगे. आकडा मागाहून येई. इंग्लंडचे गट संपले की स्कॉटलंडचे गट सुरू होत आणि यादीच्या अगदी शेवटी काउडनबीथ, फॉरफर, स्टेनहाउसम्यूर, ईस्ट स्टर्लिंगशर अशी नावे येत. निकालांचे अंदाज बांधून कूपने भरणाऱ्या लाखो लोकांना ही नावे पाठ होती. ती गावे कोठे आहेत हे मात्र त्यांतील फार थोड्यांना सांगता आले असते.

यादीच्या ह्या शेपटाकडे कान लावून बसणारी माणसेही होती. त्यांच्या दृष्टीने यादी तेथूनच सुरू होई. आपला संघ हरणार हे जवळजवळ ठाऊक असूनही दर आठवड्याला मैदानावर जाणारा, आणि मे महिन्यात हंगाम संपल्यावर त्याचा हिशेब मांडणारा पाठीराखा हा स्कॉटलंडच्या समाजजीवनातील एक पाहण्याजोगा मनुष्य आहे. निराशाजनक हंगाम म्हणजे नेमके काय, ह्या प्रश्नाला त्याच्याजवळ जे उत्तर आहे ते गुणतक्ता वाचून मिळत नाही. ते समजून घेण्यास ईस्ट स्टर्लिंगशरच्या इतिहासासारखा दुसरा इतिहास सापडणे कठीण आहे.

प्रथम रचनेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. स्कॉटलंडमध्ये १९९४ पासून साखळी स्पर्धेचे चार गट आहेत. खालच्या तिन्ही गटांत प्रत्येकी दहा संघ असतात आणि प्रत्येक संघ इतर नऊ संघांशी चार चार वेळा खेळतो; म्हणजे ऑगस्टपासून मेपर्यंत छत्तीस सामने. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. गटात पहिला येणारा संघ वरच्या गटात जातो, शेवटचा खालच्या गटात उतरतो. परंतु सर्वांत खालच्या गटात जो शेवटचा येईल त्याने कोठे उतरायचे? २०१४ पर्यंत ह्याचे उत्तर होते : कोठेही नाही. तो तेथेच राही आणि पुढल्या ऑगस्टमध्ये पुन्हा शून्यापासून आरंभ करी. हाच नियम पुढील साऱ्या कथेचा कणा आहे.

फॉल्कर्क हे गाव एडिंबरो आणि ग्लासगो ह्यांच्या मधोमध येते. १२९८ मध्ये येथे वॉलेसचा पराभव झाला. १७४६ मध्ये येथेच जॅकोबाइट सैन्याने विजय मिळविला, पण पुढे काही महिन्यांतच त्यांचा पक्ष नामशेष झाला. जवळच्या कॅरन येथे १७५९ मध्ये लोखंडाचा प्रसिद्ध कारखाना निघाला आणि कालव्याच्या काठाने ओतशाळांची रांग उभी राहिली. त्याच कालव्याकाठच्या बेन्सफर्ड ह्या कामगारवस्तीत १८८० मध्ये एक फुटबॉल संघ निघाला. वर्षभरात त्याने ईस्ट स्टर्लिंगशर हे भारदस्त नाव धारण केले. पोशाख काळापांढरा. १९०० मध्ये तो राष्ट्रीय साखळीत दाखल झाला आणि १९२१ मध्ये फर्स पार्क नावाच्या मैदानावर राहावयास गेला. गावात फॉल्कर्क नावाचा दुसरा, मोठा संघ आहे. त्याने १९१३ मध्ये आणि १९५७ मध्ये स्कॉटिश चषक जिंकला. म्हणजे ह्या गावात जन्मलेल्या मुलाला यशाची गोडी असेल तर तिची सोय घराजवळच होती. ती सोय सोडून जो काळापांढरा गळपट्टा बांधतो त्याने तसे जाणूनबुजून केलेले असते; अथवा वडिलांनी केलेले असते, आणि मुलाने ते मोडलेले नसते.

ह्या संघाच्या इतिहासात गौरवाचे क्षण अगदीच नाहीत असे नव्हे. १९३२ मध्ये आणि १९६३ मध्ये तो पहिल्या श्रेणीत चढला. दोन्ही वेळा एकाच वर्षात उतरला. १९७४ च्या उन्हाळ्यात बत्तीस वर्षांच्या एका तरुणाने येथे व्यवस्थापक म्हणून आयुष्यातील पहिली नोकरी पत्करली. तो आला तेव्हा संघाजवळ गोलरक्षकच नव्हता, ही गोष्ट त्याने पुढे अनेकदा सांगितली. चार महिन्यांतच तो दुसऱ्या संघाकडे निघून गेला. त्याचे नाव ॲलेक्स फर्ग्युसन. मँचेस्टर युनायटेडला तेरा वेळा अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या ह्या गृहस्थाची सुरुवात आपल्याकडे झाली, हे ईस्ट स्टर्लिंगशरचे पाठीराखे अगत्याने सांगतात. आणि तो थांबला असता तर, हे वाक्य सहसा अर्धेच सोडतात.

आता त्या हंगामाकडे वळू, ज्याने ह्या संघाचे नाव ब्रिटनभर केले. २००३-०४ साली छत्तीस सामन्यांत ईस्ट स्टर्लिंगशरने दोन जिंकले, दोन बरोबरीत सोडविले आणि बत्तीस गमावले. गोल केले तीस, स्वीकारले एकशे अठरा. गुण मिळाले आठ. ह्यामागचे कारण गूढ नव्हते. व्यवस्थापनाने खेळाडूंचे वेतन आठवड्याला दहा पौंड ठरविले होते. खालच्या गटांतील खेळाडू बहुधा दिवसा दुसरी नोकरी करतात, आठवड्यातून दोन सायंकाळी सराव करतात आणि शनिवारी खेळतात. त्यांचे मानधन तसेही मोठे नसते. परंतु दहा पौंडांत सरावाला येण्याजाण्याच्या पेट्रोलचा खर्चही पुरता भागू नये. इतर संघ ह्याच्या अनेक पट देत असता जो चांगला खेळे तो निघून जाई, आणि जो राही तो एक तर अगदी कोवळा असे, नाही तर संघावर खरोखर प्रेम करणारा असे.

ह्या धोरणाविषयी पाठीराख्यांचे एकमत कधीच नव्हते, आणि असणे शक्यही नव्हते. तिकीट काढून आलेल्या मनुष्याला खेळण्याच्या इच्छेने उतरलेला संघ दिसला पाहिजे. दहा पौंडांत संघ उभारणे म्हणजे खेळापूर्वीच हार मानणे होय, हा एक पक्ष. कर्ज नाही, देणेकरी दाराशी नाहीत, पुढल्या शनिवारी दरवाजा उघडणार आहे, हा दुसरा. पहिल्या पक्षाचे म्हणणे अधिक मर्दपणाचे वाटते आणि चर्चेत तेच नेहमी जिंकते. दुसऱ्या पक्षाच्या पदरी काय पडले ते पुढे येईल.

त्या हंगामात सलग वीसहून अधिक सामने संघाने गमावले. पाऊस, अंधारून येणारी दुपार, गोठलेली जमीन, हातात गरम मांसाची कचोरीवजा ‘पाय’ आणि बोव्हरिलचा पेला, समोर पुन्हा तेच. अशा वेळी प्रेक्षकांची वृत्ती कशी बदलते ते पाहण्यासारखे असते. जिंकण्याची अपेक्षा गळून पडली की माणूस लहान गोष्टी पाहू लागतो : मध्यंतरापर्यंत एकच गोल झाला, कोपऱ्यावरून चेंडू नीट आला, नव्या गोलरक्षकाने उडी बरी घेतली. विनोदही ह्याच मातीत उगवतो, आणि स्कॉटिश माणसाचा विनोद असा की तो स्वतःवर आधी हसतो, म्हणजे दुसऱ्याला ते काम उरत नाही. मात्र बाहेरच्यांनी हसणे निराळे. वर्तमानपत्रांनी ब्रिटनमधील सर्वांत वाईट संघ अशी पदवी दिली. २००५ मध्ये जेफ कॉनर ह्या पत्रकाराने संघाबरोबर हंगामभर राहून एक पुस्तकही लिहिले. जे विशेषण घरात थट्टेने वापरले जाते तेच परक्याच्या तोंडून ऐकणे पाठीराख्यांना झोंबले, ह्यात नवल नाही.

शेवटच्या शनिवारी, मे २००४ मध्ये, संघाने एल्गिन सिटीला दोन विरुद्ध एक असे हरविले. तक्त्यावर ह्या विजयाचा काहीही परिणाम होणार नव्हता. तळाची जागा केव्हाच निश्चित झाली होती. तरीही तो दिवस पाठीराख्यांनी उत्सवासारखा साजरा केला.

ईस्ट स्टर्लिंगशर त्या गटात २००३ पासून २००७ पर्यंत ओळीने पाच वर्षे तळाशी राहिला. वर उल्लेखिलेला नियम नसता तर हे घडलेच नसते. उत्तरेकडील हायलँड भागात आणि दक्षिणेतही असे संघ होते, की ज्यांच्याजवळ बरे मैदान, बरे खेळाडू, मोठा प्रेक्षकवर्ग होता; परंतु साखळीचे दार त्यांना बंद होते. १९९४ मध्ये दोन आणि २००० मध्ये दोन संघ निवडीने आत घेतले गेले. पाच वर्षे तळाशी राहणाऱ्याने जागा अडवून बसावे आणि इतरांनी बाहेर उभे राहावे हा न्याय नव्हे, ही त्यांची तक्रार होती, आणि ती खरी होती. ईस्ट स्टर्लिंगशरच्या पाठीराख्याला ती खोडून काढता येत नव्हती. त्याच्याजवळ फक्त एवढेच उत्तर होते की आम्ही १९०० मध्ये आत आलो.

येथे थोडे मागे जाणे भाग आहे, कारण आठ गुणांचा तो हंगाम हा संघाचा सर्वांत वाईट हंगाम होय असे जुन्या पाठीराख्यांपैकी सर्वांनी कबूल केले नसते. १९६४ मध्ये, पहिल्या श्रेणीतून उतरल्याबरोबर, संघाच्या मालकीत वर्चस्व असलेल्या स्टीडमन बंधूंनी तो फॉल्कर्कमधून उचलला आणि सुमारे चाळीस किलोमीटर दूर, क्लाइड नदीकाठच्या क्लाइडबँक ह्या जहाजबांधणीच्या गावी नेला. तेथील एका संघात तो मिळविण्यात आला आणि त्याला ई. एस. क्लाइडबँक असे नाव मिळाले. जुन्या नावाची दोन आद्याक्षरे तेवढी शिल्लक राहिली. व्यवहाराच्या दृष्टीने ह्यात चूक काढणे कठीण होते. क्लाइडबँकमध्ये प्रेक्षक अधिक होते, मैदान बरे होते, आणि १९६४-६५ मध्ये संघाची कामगिरीही मुळीच वाईट झाली नाही. पण फॉल्कर्कच्या ज्या माणसांनी वर्षानुवर्षे फर्स पार्कच्या पायऱ्यांवर उभे राहून हा संघ पाहिला होता, त्यांना त्या विजयांचे काय?

ती माणसे गप्प बसली नाहीत. संघाचे काही समभाग गावातील लोकांकडे होते. त्या भागधारकांनी न्यायालयात धाव घेतली. प्रश्न कायद्याचा, समभागांच्या हस्तांतरणाचा, रुक्ष आणि तांत्रिक; त्यामागचा प्रश्न मात्र सरळ होता. संघ म्हणजे साखळीतील एक जागा, जी कोठेही हलविता येते, की एका गावाची वस्तू? न्यायालयाने भागधारकांच्या बाजूने निर्णय दिला. १९६५ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशर आपल्या नावासह फर्स पार्कवर परतला. फुटबॉलमध्ये पाठीराख्यांनी मालकाविरुद्ध असा लढा जिंकल्याची उदाहरणे फार नाहीत. क्लाइडबँकने पुढे स्वतःचा संघ काढून १९६६ मध्ये साखळीत प्रवेश मिळविला; आणि दैवाचा खेळ असा, की २००२ मध्ये तोच क्लाइडबँक संघ दुसऱ्यांनी विकत घेऊन एअर्ड्री ह्या गावी नेला. तेव्हा क्लाइडबँकच्या पाठीराख्यांनी नव्याने, अगदी खालच्या पायरीपासून, आपला संघ पुन्हा उभारला.

हा इतिहास मनात ठेवला म्हणजे २००४ मध्ये बत्तीस पराभव पाहिलेला मनुष्य हंगामाचा हिशेब कसा मांडतो हे कळू लागते. त्याच्या वहीत गुणांचे एक पान असते, आणि ते वाईट असते. दुसऱ्या पानावर तो पाहतो की आपला संघ आपल्या गावात आहे की नाही. तिसऱ्यावर, तो आहे की नाही.

तिसऱ्या पानाची आठवण ग्रेट्नाने करून दिली. ग्रेट्ना हे इंग्लंडच्या सरहद्दीवरील तीन हजारांच्या आतबाहेर वस्तीचे गाव. तेथील संघाला एका श्रीमंत आश्रयदात्याने पैसा पुरविला. २००४-०५ मध्ये ग्रेट्नाने त्याच चौथ्या गटात अठ्ठ्याण्णव गुण मिळविले आणि एकशे तीस गोल केले. त्याच तक्त्याच्या तळाशी, दहाव्या ओळीत, ईस्ट स्टर्लिंगशर होता. ग्रेट्ना ओळीने तीन गट चढला, २००६ मध्ये चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि २००७ मध्ये सर्वोच्च गटात दाखल झाला. मग आश्रयदाता आजारी पडला, पैसा आटला, आणि २००८ च्या उन्हाळ्यात संघ बुडाला. त्याच वसंत ऋतूत ईस्ट स्टर्लिंगशर पाच वर्षांनंतर प्रथमच शेवटून दुसरा आला. दहा पौंडांच्या धोरणाला दोष देणाऱ्यांनाही त्या वर्षी क्षणभर थांबून विचार करावा लागला असेल.

तथापि नियती हिशेब इतका सोपा ठेवीत नाही. त्याच २००८ मध्ये संघाने फर्स पार्क सोडले. शेजारी मोठमोठ्या दुकानांची पेठ उभी राहिली होती, एका बाजूच्या गोलामागे उंच भिंत आली होती, आणि साखळीच्या नव्या अटींप्रमाणे मैदान सुधारण्याचा खर्च ह्या संघाला झेपणारा नव्हता. संघ काही किलोमीटरांवरच्या स्टेनहाउसम्यूर येथील मैदानावर भाडेकरू म्हणून गेला. वेतनाची मर्यादाही सैल झाली. परिणाम असा की २००९ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये तो चक्क तिसरा आला. १९६४ मधील पेच थोड्या सौम्य रूपात परत आला होता : गुणांचे पान सुधारले, घराचे पान फाटले. ह्या वेळी न्यायालयात जाण्यासारखे काही नव्हते. विरोध करायचा तर तो विटा-सिमेंटच्या भावाला. फर्स पार्क २०१२ मध्ये पाडण्यात आले.

त्याच वर्षी रेंजर्स हा ग्लासगोचा बलाढ्य संघ दिवाळे निघाल्यामुळे सर्वांत खालच्या गटात येऊन पडला. १८ ऑगस्ट २०१२ रोजी ईस्ट स्टर्लिंगशर त्याच्या मैदानावर खेळला तेव्हा ४९,११८ प्रेक्षक हजर होते. चौथ्या गटातील सामन्याला इतकी गर्दी त्यापूर्वी स्कॉटलंडमध्ये कधीच झाली नव्हती. सामना पाच विरुद्ध एक असा गमावला, पण तो एक गोल ज्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिला त्यांना बाकीचे पाच आठवतही नसतील. हंगामाअखेर संघ पुन्हा तळाशी होता.

मग नियम बदलला. २०१४-१५ पासून हायलँड आणि लोलँड ह्या दोन प्रादेशिक साखळ्यांचे विजेते आपसांत खेळू लागले आणि जो जिंके तो चौथ्या गटातील दहाव्या संघाशी घरी एक व दारी एक असे दोन सामने खेळे. हरणाऱ्याची जागा जाई. शंभरांहून अधिक वर्षे बंद असलेले दार उघडले. ज्यांची तक्रार न्याय्य होती त्यांना न्याय मिळाला. पहिल्या वर्षी दहावा आलेला माँट्रोज कसाबसा बचावला. दुसऱ्या वर्षी, २०१६ मध्ये, दहावा होता ईस्ट स्टर्लिंगशर. समोर लोलँड साखळीचा विजेता एडिंबरो सिटी. पहिला सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. दुसऱ्यात, १४ मे रोजी, सामना संपत आला असता प्रतिपक्षाला पेनल्टी मिळाली आणि तिच्यावर गोल झाला. १९५५ पासून अखंड एकसष्ट वर्षे चालत आलेले सभासदत्व तेथे संपले. ह्या मार्गाने राष्ट्रीय साखळीतून खाली जाणारा हा पहिलाच संघ.

गुणांच्या हिशेबाने हा हंगाम २००३-०४ इतका वाईट नव्हता. त्याहून वाईट आकडे इतरांनीही पुढे नोंदविले आहेत. ज्याच्या मैदानाच्या एका कडेला भिंतीऐवजी जुने हिरवे कुंपण आहे, त्या ब्रीखिन सिटीने २०१७-१८ मध्ये छत्तीस सामन्यांत एकही विजय न मिळविता चार गुण घेतले, आणि तीन वर्षांत तोही ह्याच दारातून बाहेर गेला. परंतु २००४ मध्ये तळाशी असण्यात एक विसावा होता : पुढल्या वर्षी पुन्हा येथेच. २०१६ मध्ये तो विसावा नाहीसा झाला होता. एक पेनल्टी, आणि शनिवारच्या रेडिओवरील यादीतून नाव गेले.

पाठीराख्यांनी उन्हाळ्यात नव्या हंगामाची यादी हाती घेतली तेव्हा तीत विद्यापीठांचे संघ होते, लहान गावांचे संघ होते. २०१८ मध्ये संघ फॉल्कर्क गावात परत आला, तोही गावातील मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, भाड्याने. पण लोलँड साखळीच्या त्या पहिल्या यादीत आणखी एक नाव होते. ग्रेट्ना बुडाल्यावर तेथील लोकांनी त्याच वर्षी नवा संघ काढून त्याचे नाव ग्रेट्ना २००८ असे ठेवले होते, आणि तोही तेथेच खेळत होता. २००५ च्या तक्त्यातील पहिली ओळ आणि दहावी ओळ अकरा वर्षांनी पुन्हा एकाच साखळीत आली. आणि दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर, दोन्ही हंगाम पाहिलेली काही माणसे उभी होती.